झोपाळ्याची पावलं

संध्याकाळी सोसायटीच्या बागेत एक रिकामा झोपाळा हलत होता. वारा अजिबात नव्हता. जवळ गेले तेव्हा दिसलं, त्याच्या साखळीला पावलं मोजणारं एक गुलाबी घड्याळ बांधलं होतं. बाजूच्या बाकावर शेजारची आठ वर्षांची सई मोबाइल बघत बसली होती आणि मधूनमधून पायाने झोपाळा ढकलत होती.

"हे काय गं?"

"डॉक्टरांनी रोज तासभर धावायला सांगितलंय, काकू. मोठेपणी हृदय चांगलं राहतं म्हणे." तिने मान वर केली नाही. "दहाच मिनिटं राहिलीत."

घड्याळाच्या पाठीवरचा हिरवा दिवा लुकलुकत होता. मनगटावर असला की तो नाडी शोधतो. इथे गार लोखंडावर शोधत होता. तिचं खरं हृदय बाकावरच होतं, पळायला कधी नेणार म्हणून वाट बघत. ते आज तक्रार करणार नाही. चाळीस वर्षांनी करेल.

वरच्या गॅलरीतून तिचे बाबा, खाली न बघता, हातातल्या मोबाइलवर आलेला पावलांचा आकडा बघत म्हणाले, "शाब्बास सई, आज खूप धावलीस."

सईने पायाने आणखी एक धक्का दिला. झोपाळ्याची साखळी तेवढी करकरली, ओ दिल्यासारखी.