शिंगराच्या डोळ्यांभोवतीचे पांढरे केस

गाडीवानाचं घर तबेल्याला लागूनच. "लग्न माझ्याशी केलंत, संसार मात्र घोड्यांशी," असं त्याची बायको म्हणायची.

मालकांची गाडी दोन काळे घोडे ओढत. त्यातला एक थकला होता. तेवढ्यात तबेल्यातल्या पांढऱ्या घोडीला काळंकुळकुळीत शिंगरू झालं. मालक म्हणाले, "काळं राहिलं तर जोडीला घेऊ. नाहीतर विकू." घोडीला दूध येईना, म्हणून गाडीवानानेच त्याला बाटलीने दूध पाजलं. जीव जडायला आणखी काय लागतं?

ते दोन वर्षांचं होत आलं, तेव्हा खरारा करताना बायको थांबली. "अहो, डोळ्यांभोवती पांढरं दिसतंय."

"धूळ असेल."

"धूळ पुसल्यावर जाते हो."

नाल ठोकायला आलेल्या नालबंदाने शिंगराचं तोंड उजेडाकडे वळवलं. "आईचा गुण उतरलाय, दादा. त्या घोडीचं पहिलं पोर काळंच राहिलं, दुसरं पांढरं झालं. ज्याला हा गुण मिळतो ते जन्मतं काळं, पण वर्षागणिक केस पिकत जातात. त्याला औषध नाही."

दुसऱ्या दिवशी बायकोची केस रंगवायची डबी जागेवर नव्हती. ती तबेल्यात गेली, तर नवऱ्याची बोटं काळी.

"ती डबी माझ्या एका डोक्याला पुरत नाही, घोड्याला कुठून पुरणार?"

तो हसला नाही. संध्याकाळी शिंगराच्या पापण्या सुजल्या, डोळ्यांतून पाणी गळू लागलं. गाडीवानाने कोमट पाण्याने रंग धुऊन काढला. "देवाने दिलेला रंग आहे तो," बायको हळूच म्हणाली, "आपण कितीदा पुसणार?" सकाळी त्याने स्वतःच मालकांना खरं ते सांगितलं.

गिऱ्हाईकही त्यानेच पाहिलं. रोपवाटिकेवाल्याला बजावलं, "हा पुढे पांढरा होणार."

"होऊ दे की! माझ्या कुंड्यांना काय त्याचं?"

त्यानंतर तीन वर्षं गाडीवान त्या रस्त्याला फिरकला नाही. मग बायकोने गुलाबाच्या रोपाचं निमित्त काढून त्याला पिटाळलं. रोपवाटिकेच्या कुंपणाशी उभं राहून तो काळा घोडा शोधत राहिला. काळा एकही नव्हता. राखाडी, ठिपक्याठिपक्यांचा एक घोडा मात्र चरता चरता थांबला, कान टवकारून सरळ त्याच्याकडे आला आणि त्याच्या खिशात तोंड खुपसू लागला.