एका जागी वाजणारी घंटी

मराठी दुसरीतनं मी शाळा सोडली ती शेळ्यांमागं जायला. वेळापूरकडच्या माळावर आमचं घर. वीसेक शेळ्या, त्यांतल्या तिघींच्या गळ्यात घंट्या. बाभळीखाली पडून राहिलं तरी कानानं राखण व्हायची. घंटी फिरती असली की शेळी चरतीय, थांबली की बसलीय. पण एकाच जागी वाजत राहिली तर उठून पळायचं. ती कुणाच्या तरी ज्वारीत तोंड घालून उभी असायची.

लग्न होऊन सोलापुरात आले. नवरा गिरणीत. एका तेलुगू विणकराच्या घरात मागली खोली मिळाली. घरमालकिणीला मी अक्का म्हणायची. ती खड्ड्यात पाय सोडून मागावर बसायची, मी शेजारी रहाटावर तिच्या सुताच्या कांड्या भरून द्यायची. माझी पोर वर्षाची. ती चालायला लागली आणि माझा जीव थाऱ्यावर राहीना. इकडं मागाचा खड्डा, तिकडं पाण्याचा हौद, अंगणात सूत रंगवायची चूल. एक कांडी भरायला मी चारदा उठायची. नवरा म्हणायचा, "खांबाला बांधून घाल की." ते माझ्यानं होईना. शेवटी माहेराहून आणलेली बारकी घंटी तिच्या करदोट्याला बांधली.

अक्का हसून हसून वाकली. "अय्यो, पोरगी हाय का शेळी!" पण आठ दिवसांत मागाच्या खटखटीतनं तिचाही कान त्या घंटीकडं लागला.

पाच महिन्यांनी गावचं पत्र आलं, त्या दिवसाची गोष्ट. आईनं मास्तरांकडून लिहून घेतलेलं. मी रहाट थांबवला आणि अक्षरावर बोट ठेवून वाचायला बसले. जोडाक्षर आलं की अडायचं, मागं जायचं, परत वाचायचं. अंगणात घंटी वाजत होती. वाजतीय म्हणजे पोर ठीक हाय, एवढंच मनात.

अक्का खड्ड्यातनं ओरडली, "बाई, तुझी शेळी एका जागीच वाजतीया गं!"

"वाजतीया न्हवं? मग हाय की!" मी हसले. आणि परत अक्षरावर बोट ठेवलं.

मला कळायला हवं होतं. दुसऱ्या कुणाला नाही, मलाच.

मग ती किंकाळी. पळत गेले तर पोर चुलीजवळ फतकल घालून बसलेली, पुढ्यात मातीचं परळ, आणि ओठातनं लाळ गळतेय. परळात कास्टिक सोड्याचे खडे. रंगात घालायला अक्काच्या नवऱ्यानं सकाळी फोडलेले, उरलेले तिथंच राहिलेले. दिसायला अगदी खडीसाखर, आणि कातड्याला लागले तर भाजून काढणारे.

मी मिठासाठी धावले. शेळीनं काही भलतं खाल्लं की आम्ही मिठाचं पाणी पाजून बाहेर काढायचो. अक्का एव्हाना खड्ड्यातनं वर आली होती. तिनं माझं मनगट धरलं. "वद्दु, वद्दु! ओकवू नको. जाताना जाळलं, येताना बी जाळंल." तिनं पोरीच्या तोंडातला खडा बोटानं काढला, तिला मांडीवर पालथी धरली आणि ओठ, हनुवटी, हात तांब्यामागनं तांब्या धूत राहिली. किती वेळ, देवाला ठाऊक. मग तशीच ओली पोर खांद्यावर टाकून दवाखान्याकडं निघाली. मी मागनं अनवाणी.

डॉक्टरनं तोंडात बत्ती धरून बघितलं. "ओकवलं नाहीत ना?"

"न्हाय."

"बरं केलंत. घशात फार गेलेलं दिसत नाही. पण गिळतेय का, ते बघायला पाहिजे."

दवाखान्याच्या ओट्यावर बसलो. पोर लाळ गाळायची, दुधाची वाटी पुढं केली की मान फिरवायची. मी उठायची, दारापर्यंत जायची, परत यायची. "बस गं," अक्का म्हणायची, "तू फिरून तिच्या घशाखाली काय जाणार हाय?" उन्हं कलली तेव्हा अक्कानं चमच्यानं दूध लावलं आणि पोरीचा गळा हलला. एकदा. मग दुसऱ्यांदा. अक्कानं डोळ्याला पदर लावला. परळ उचलायचं आपणच विसरलो, हे तिनं मला तेव्हा सांगितलं. मी तिच्या पायावर डोकं ठेवलं. "उठ, उठ," म्हणाली, "दूध सांडंल."

दुसऱ्या दिवशी तिच्या घरातलं शिंकं रिकामं झालं. दह्याचं गाडगं खाली आलं, झाकणाच्या डब्यात घालून कास्टिक वर टांगलं. तिसऱ्या दिवशी मांजरानं दही खाल्लं. तिचा नवरा कुरकुरला, तर अक्का म्हणाली, "खाऊ दे. मांजर वर बी चढंल, पोर न्हाय चढत."

पत्र मी चार दिवसांनी पुरं वाचलं. शेवटी आईनं विचारलं होतं, पोरगी चालायला लागली का? मी लिहिलं, चालतीया. खालच्या ओठावरच्या पांढऱ्या डागाचं काही लिहिलं नाही. घंटी मात्र काढली नाही. ती वाजली तरी मी उठायची, थांबली तरी उठायची. कांड्या कमी भरल्या जायच्या, आणि अक्कानं त्यावरनं कधी एक शब्द काढला नाही.