उसना आवाज

आमच्या डॉक्टरीणबाईंच्या मुलीइतकं हळू बोलणारं माणूस साऱ्या जबलपुरात शोधून सापडायचं नाही, आणि तिला व्हायचं होतं मास्तरीण. दुसरं काहीही ती झाली असती तरी चाललं असतं. डॉक्टरापुढे, वकिलापुढे माणसं स्वतः येऊन बसतात आणि आपणहून कान देतात. पण हिने निवडली ती आमची शाळा. एका खोलीत दोन वर्ग, पत्र्यावर माकडं, भिंतीपलीकडे आटाचक्की. देवाने त्या मुलीला रूप दिलं, घर दिलं, गाडी दिली, मन तर फारच चांगलं दिलं. आवाज तेवढा द्यायचा राहून गेला.

मी त्यांच्या मदन महालच्या घरी पोळ्या करायला जायची, तेव्हापासून तिला ओळखते. त्या घरात कोणी ओरडतच नसे, कारण गरजच पडत नसे. साहेब वरच्या खोलीतून खालच्या खोलीत बाईंना फोन करून विचारायचे, चहा घेणार का. कुत्रासुद्धा भुंकायचा नाही. कोणी आलं की गेटजवळ जाऊन नुसता उभा राहायचा, येणाऱ्याने काय ते समजून घ्यावं. बेबीचंही तसंच. हिला आम्ही सगळे बेबीच म्हणायचो. भूक लागली की ती स्वयंपाकघरात येऊन माझ्या मागे उभी राहायची. मी वळून पाहिलं तर पोळी मिळायची, नाही पाहिलं तर नाही. एकदा मी पोळ्या आटोपल्या, ओटा पुसला, दिवा बंद केला आणि निघणार तोच अंधारातून आवाज आला, "मावशी, एक पोळी मिळेल का?" माझ्या हातातलं फडकं उडालं. म्हटलं, "काहून गं, आधी नाही बोलली?" तर म्हणे, "तुम्ही काम करून राहिल्या होत्या ना."

पुढे माझे गुडघे इतक्या लांब चालायला तयार होईनात, म्हणून मी आमच्या वस्तीतल्या सरकारी शाळेत मुलांचं दुपारचं जेवण रांधायला लागले. पाटणच्या रस्त्याला शहर संपतं तिथे ही शाळा आहे. एक दिवस तिथे तीच गाडी येऊन थांबली आणि तीच बेबी खाली उतरली, साडी नेसून. मास्तरकीच्या कोर्सात काही महिने खऱ्या शाळेत शिकवावं लागतं, त्यासाठी ती आली होती. चांगल्या इंग्रजी शाळा सोडून आमची शाळा तिने स्वतः मागून घेतली होती. घरी हे पसंत नव्हतं, पण त्या घरात भांडण तरी कसं होणार? साहेबांनी हळूच सांगितलं होतं, पास झालीस तर तुझं खरं, नापास झालीस तर मी म्हणतो तसं दिल्लीला जाऊन दुसरं शिकायचं. आणि पास होणं होतं एका पाठावर. कॉलेजचे सर येऊन मागे बसणार आणि वर्ग हिचं ऐकतो की नाही ते बघणार. शाळेत मराठी समजणाऱ्या आम्ही दोघीच, म्हणून हे सगळं तिने मला चुलीपाशी बसून सांगितलं. अर्धं मला ऐकू आलं, अर्धं मी समजून घेतलं.

पहिल्या दिवशी पुढे ड्रायव्हर होता, तिची पिशवी, पाण्याची बाटली आणि गुंडाळलेले तक्ते घेऊन, आणि मागे ही. ड्रायव्हर अंगाने भरलेला, पांढरे कपडे, मिशा. पोरांनी त्यालाच नवे मास्तर समजून "गुड मॉर्निंग सर!" ठोकलं. तोही खूश होऊन म्हणाला, "बैठो!" सगळा वर्ग धप्पकन खाली बसला. मग हिने तोंड उघडलं आणि वर्ग उठला. दोन-तीन दिवस असंच चाललं. ड्रायव्हर दारात असेपर्यंत शाळा, तो गेला की बाजार. शेवटी तिने गाडी बंद करून स्कूटी आणायला सुरुवात केली. ड्रायव्हरला फार वाईट वाटलं. त्याचं तिथे चांगलं चाललं होतं.

दुसरी गोष्ट म्हणजे तिचं "प्लीज". ती पोरांना आप म्हणायची, मला आप म्हणायची, आणि एकदा वर्गात बकरी शिरून तिने रंगवलेला फळांचा तक्ता खायला लागली, तेव्हा बकरीलाही हात जोडून म्हणाली, "प्लीज, बाहर जाइए." बकरीने केळी संपवून आंबा सुरू केला. पोरं हसून हसून जमिनीवर लोळली. त्या दिवसापासून त्या बकरीचं नावच "जाइए" पडलं. अजूनही वस्तीत लोक तिला त्याच नावाने हाक मारतात आणि ती येते.

मग कोणीतरी सुचवलं म्हणून तिने कमरेला लावायचा छोटा भोंगा आणला, माईकवाला. पहिल्याच दिवशी तिने त्यात "बच्चों, आज हम सब्ज़ियों के नाम सीखेंगे" म्हटलं आणि पालक, टमाटर, लौकी असं सुरू केलं. तेवढ्यात गल्लीतल्या बाया पिशव्या घेऊन दारात. एक म्हातारी तर वर्गात येऊन विचारू लागली, "लौकी का भाव लगाई, बिटिया?" बेबीने तिलाही बसायला सांगितलं आणि लौकी लिहून दाखवली. भोंगा त्याच दिवशी पिशवीत गेला.

आणि मग तिला रामकली मिळाली. रामकली तिसरीतली, शेंबडी, दोन घट्ट वेण्यांची. तिचं घर आटाचक्कीला लागून. त्या घरात साधं मीठ मागायचं तरी बेंबीच्या देठापासून ओरडावं लागतं. एक दिवस बेबी नेहमीसारखी म्हणाली, "बच्चों, प्लीज बैठ जाइए." कोणी हललं नाही. तशी पहिल्या रांगेतली रामकली उठली, कमरेवर हात ठेवले आणि असा आवाज काढला की माझ्या हातून डाळीची पळी पडली, "ए! बैठो सबरे! दीदी पिलीज बोल रई हैं, सुनाई नईं देत?" वर्ग बसला. माकडंही गप्प झाली. बेबीने तिच्याकडे असं पाहिलं, जसं मी घरात पहिल्यांदा नळाला पाणी आलं तेव्हा पाहिलं होतं.

तेव्हापासून सगळं शिकवणं दोनदा व्हायला लागलं. आधी बेबी कुजबुजायची, मग रामकली गर्जायची. बेबी म्हणायची, "शाबाश गोलू, कोशिश अच्छी थी." रामकली म्हणायची, "गोलू! गलत है, पर दीदी तोए मार नईं रईं!" रामकलीच्या फेरफारामुळे धड्याची चव थोडी बदलायची, पण तो पोहोचायचा सगळ्यांपर्यंत. बडे सर म्हणजे आमचे हेडमास्तर त्यांच्या खोलीतून ऐकून म्हणायचे, "वाह, मैडम की आवाज़ खुल गई!" बेबी लाजायची, पण तिने खरं ते सांगितलं, आवाज रामकलीचा आहे म्हणून. तिला खोटंही मोठ्याने बोलता आलं नसतं.

असं मजेत चाललं असताना थंडी पडली आणि मटरचा हंगाम आला. आमच्याकडे हे दरवर्षीचंच. पाटणच्या बाजूला हिरव्या वाटाण्याची शेतंच शेतं. पहाटे चौकात गाड्या येतात आणि बाया तोडणीला जातात. काही घरं तर हंगामभर तिकडेच झोपड्या टाकून राहतात. रामकलीची आईही गेली, आणि लहान्या भावाला सांभाळायला रामकलीला घेऊन गेली. इकडे कॉलेजच्या सरांचा निरोप आला, सोमवारी पाठ बघायला येतो.

बेबी चुलीपाशी येऊन उभी राहिली. या वेळी मी लगेच वळून पाहिलं. "मावशी, मला खूप घबराहट होऊन राहिली. तुम्ही चला ना माझ्यासोबत, रामकलीच्या आईशी बोलायला. मला एकटीला नाही जमणार." आता माझं कसं आहे, मी चार माणसांत तोंड उघडायला घाबरते, किराणावाल्याला हळद मागायची तर बोटाने दाखवते. ती माझा आधार घेऊन निघाली, मी तिचा. रविवारी गाडी काढली, शेत शोधलं आणि बांधावर जाऊन उभ्या राहिलो. मधोमध तोडणीच्या बाया वाकलेल्या, कोणाचं आमच्याकडे लक्ष नाही. बेबी माझ्याकडे बघे, मी बेबीकडे. ती म्हणाली, "तुम्ही हाक मारा ना." मी म्हटलं, "तू मार, तू मास्तरीण." ऊन पार डोक्यावर आलं. शेवटी ड्रायव्हर कंटाळला आणि त्याने हॉर्न दाबला. सगळं शेत उठून उभं राहिलं.

रामकलीची आई आली, हात पुसत. बेबीचं ऐकायला तिने कान अगदी तिच्या तोंडापाशी नेला. मग म्हणाली, "दीदी, तुम्हाई बात सही है. पर नन्हे को को देखहे? मटर निपट जान दो, मैं खुद छोड़ जैहौं." म्हणजे मटर संपेपर्यंत रामकली मिळणार नव्हती, लहान्याला बघायला दुसरं कोणी नव्हतं. बांधावर गोधडीत झोपलेल्या पोराकडे बेबीने पाहिलं आणि नुसती मान हलवली. मला वाटलं, झालं, आता दिल्ली.

पण रामकलीला कुठे थांबवता येतं? तिने बेबीचा पदर धरला आणि वर्गातल्या एकेकासाठी निरोप द्यायला सुरुवात केली. खणखणीत, पलीकडच्या शेतात ऐकू जाईल असे. सगळ्यात शेवटी म्हणाली, "और सबसे कहियो, दीदी की आवाज़ छोटी है, हल्ला न करें. मैं आके एक-एक को देखहौं!" परतताना बेबी गाडीत ओठ हलवत बसली होती. मला वाटलं देवाचं नाव घेते आहे. कान देऊन ऐकलं तर निरोप पाठ करत होती.

सोमवारी सर आले. जाड चष्मा, हातात फाईल, मागे छोट्याशा बाकावर कसेबसे बसले. दुसऱ्या वर्गाचे मास्तर कसल्याशा ड्युटीवर, म्हणून ती पोरंही हिच्याच गळ्यात. पाठ पाण्याचा होता, निळा मोठा तक्ता आणला होता. बेबी म्हणाली, "बच्चों, आज हम पानी के बारे में..." पुढचं चक्कीने खाल्लं. तिने पुन्हा म्हटलं. कोणी कागद फेकला, कोणी कोणाची वेणी ओढली. तिसऱ्यांदा म्हटलं. सरांनी फाईलमध्ये काहीतरी लिहिलं. मी दाराआड उभी होते, माझ्या हातातलं पीठ वाळून गेलं.

मग तिने तक्ता खाली ठेवला. आवाज जरासुद्धा वाढवला नाही. म्हणाली, "रामकली ने कुछ कहलवाया है."

पुढच्या रांगेतल्या गोलूने ऐकलं. तो गर्रकन मागे वळला, "ए चुप! रामकली ने कछू कही है!" त्याने मागच्याला गप्प केलं, मागच्याने त्याच्या मागच्याला. उतू जाणाऱ्या दुधावर पाणी शिंपडावं तसा वर्ग खाली बसत गेला. बेबी सांगू लागली, तिच्या त्याच आवाजात. "गोलू जी, रामकली ने कहा है कि आप खिड़की वाली उसकी जगह पर बैठे हैं, उसे वहाँ से भी दिख रहा है." गोलू खरंच तिथे बसला होता. तो झटक्यात सरकला. "सुनीता जी, चॉक आप ले सकती हैं, पर खाइएगा नहीं." "और जाइए को बच्चा हो, तो नाम रामकली रखेगी. कोई और रखेगा तो वह उसके दाँत तोड़ देगी, प्लीज." ते प्लीज हिचं स्वतःचं होतं.

एकेक निरोप ऐकायला पोरं पुढे सरकत होती. सर आधी कानाला हात लावून वाकले, मग बाक पुढे ओढला, आणि शेवटी तो सोडून सतरंजीवर पोरांत येऊन बसले. सगळ्यांना उलट निरोप पाठवायचे होते. ती म्हणाली, इतके माझ्या लक्षात राहणार नाहीत, लिहून द्या. जी पोरं फळ्यावरचंही उतरवायला रडायची ती कोऱ्या कागदांवर ओणवी होऊन लिहीत राहिली, आणि "दीदी, दाँत कैसे लिखत हैं?" "दीदी, डरपोक?" असं हळूच विचारत होती. हळूच, कारण मोठ्याने विचारलं तर तिचं उत्तर ऐकू आलं नसतं.

रामकलीचा शेवटचा निरोप मात्र तिने सांगितला नाही.

तास संपल्यावर सर म्हणाले, "मैडम, योजना में तो पानी का पाठ था." ती म्हणाली, "जी सर, सॉरी." सर म्हणाले, "आवाज़ थोड़ी ऊँची कीजिए." दारापर्यंत गेले आणि परत फिरले. "वो बकरी को बच्चा कब तक होगा?"

पास झाली. घरी काय झालं विचारलं, तर म्हणाली, पप्पांनी वरून खाली फोन करून अभिनंदन केलं.

मटर संपले आणि रामकली परत आली, उन्हाने रापून, भावाला कडेवर घेऊन. बेबीचे आमच्या शाळेतले शेवटचे काही दिवस उरले होते. त्या सकाळी बेबी म्हणाली, "बच्चों, किताब निकालिए." रामकली सवयीने उठली, कमरेवर हात, "ए! सबरे किताब..." तोच मागून गोलू म्हणाला, "चुप न! हमें सुनाई देत है." आणि खरंच, सगळ्यांनी पुस्तकं काढली होती. रामकली उभीच राहिली. मग खाली बसली. इतकी हळू बसताना तिला मी कधी पाहिलं नव्हतं.

बेबीने ते पाहिलं. ती फळ्याकडे वळली, काहीतरी लिहिलं, पुसलं, आणि पुन्हा वर्गाकडे तोंड करून बोलली. पण इतकं हळू की पुढच्या रांगेलाही कळलं नाही. पोरं एकमेकांकडे बघायला लागली. मी दारातच होते. मी तर म्हणते, ती काही बोललीच नव्हती, नुसते ओठ हलवले होते. मग तिने रामकलीकडे बघितलं.

रामकली उठली. क्षणभर विचार केला, आणि पत्रा हादरवला, "ए! दीदी कै रई हैं, आज छुट्टी जल्दी होहे!"

बेबीने मान डोलावली. "हओ," म्हणाली.

आता ती सिहोऱ्याकडे एका शाळेत शिकवते, रोज बसने जाते. ड्रायव्हर सांगत होता, कंडक्टरला तिचं "रोकिए" ऐकू जात नाही, म्हणून रोज एक थांबा पुढे उतरून मागे चालत येते. वाटेत मटरची शेतं लागतात. इथे तिच्या जागी आलेल्या मॅडमचा आवाज चांगला मोठा आहे, मला चुलीपर्यंत सगळं स्वच्छ ऐकू येतं. तरी पोळ्या लाटता लाटता मधूनच मी मागे वळून बघते. कोणी उभं राहिलेलं असलं तर ते सांगणार थोडंच आहे.