गाडीतलं रोजचं पाणी

वडील मंगळवारी गेले. तेराव्यानंतर मी त्यांची गाडी बाहेर काढली आणि उरण रस्त्यावर, कंटेनरच्या रांगेत, तापमानाचा काटा लाल रेघेवर गेला. बॉनेटमधून वाफ येऊ लागली तशी मी इंजिन बंद केलं. ते जाम झालं असेल तर गाडी भंगारात जाईल, या विचाराने गाडी ओढून गॅरेजमध्ये नेल्यावरही मला एका जागी बसवेना.

मेकॅनिकने रेडिएटरला हातपंप लावून दाब दिला. थोड्या वेळाने वॉटर पंपाखालून थेंब पडू लागले.

“ही गळती आजची नाय,” तो म्हणाला. “रोज पानी कोन वतायचा?”

“वडील. सकाळी, चहाच्या आधी.”

“मंग तुमाला कसा कलंल? आता कूलंटच टाका, साधा पानी नको. टायमात बंद केलीत म्हनून इंजिन वाचला.”

वडिलांनी गळतीबद्दल घरात कधी सांगितलं नव्हतं. छातीत दुखतं, हेही नाही. दोन्ही त्यांनी स्वतःपुरतं निभावलं.

वॉटर पंप नवा बसवला. तरी मी दिवसातून दोनदा बॉनेट उघडतो, गाडीखालीही वाकून पाहतो. जमीन कोरडी असते.

गाडी आता माझ्याकडे आहे. ती चालते.