तसबिरीखालचा लाल दिवा

सकाळी मी मुलीचा डबा भरत होते. चंद्रहास चहात पाव बुडवून खात होता. सिनेमा-सिरियलच्या सेटवर लाइट लावायचं माझ्या नवऱ्याचं काम, त्यामुळे निघायची घाई कायमचीच. तेवढ्यात दार वाजलं. बेल असूनही दार ठोठावतात त्या फक्त शेजारच्या वाडीतल्या क्लेमेंटीन मावशी. पण त्यांचं बोलणं दार उघडायच्या आधीच सुरू झालेलं असतं. आज बाहेर शांत होतं.

मावशी आत आल्या. केस विंचरलेले नव्हते, मुठीत रुमालाची गाठ. खुर्ची ओढत नेऊन त्यांनी भिंतीला टेकवली आणि मगच बसल्या.

मला ते बघवेना. व्हॅलेरियनकाका गेल्यापासून या बाईने केळी आणि मोगरा एकटीने सांभाळलाय. पहाटेच्या काळोखात, हातात बॅटरी न घेता कळ्या खुडायला जातात. केळीच्या बुंध्याशी घोणस दिसली तेव्हा आम्ही गच्चीवरून ओरडत होतो, आणि या तिला सांगत होत्या, बाई, तुझी वाट तिकडून. भुताखेतांच्या सिरियलचे लाइटही करतो म्हणून चंद्रहासलाही सोडत नसत. लोकांना घाबरवायचा पगार मिळतो तुला, आमचा व्हॅलेरियन फुकटात घाबरवायचा, म्हणायच्या.

त्यांच्या बाहेरच्या खोलीत येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर आहे. खाली नखाएवढा लाल बल्ब. तो दिवसरात्र तेवत ठेवायचा, वीज गेली तर तिथे मेणबत्ती लावायची. रोज संध्याकाळी त्या उजेडात गुडघे टेकून मावशींची जपमाळ चालते.

तीच खोली चंद्रहासने एका भुताच्या वेबसिरीजला सुचवली. काल भर दुपारी खिडक्यांवर काळी कापडं चढवून रात्र केली. आणि मावशींना कौतुकाने मॉनिटरसमोर बसवलं, आपलं घर कसं दिसतं ते बघा म्हणून. त्यांना वाटलं, लग्नाच्या व्हिडिओत दिसतं तसं दिसेल. पडद्यावर एक बाई त्यांच्याच जागी गुडघे टेकून बसली होती, समोर तोच बल्ब. आणि तिच्या पाठीमागच्या भिंतीवर तिची सावली हळूहळू वर चढत आढ्याला लागली.

संध्याकाळी मावशी जपमाळेला बसल्या तेव्हा त्यांना मान वळवता येईना. पाठीमागे काहीतरी उभं राहतंय असं वाटलं. त्यांनी बल्बच काढला. मग तसबीर काळोखात गेली, तेव्हा त्याहून जास्त घाबरल्या. रात्र स्वयंपाकघरात, दाराला पाट लावून काढली. हे सगळं त्यांनी रुमालाची गाठ सोडता सोडता सांगितलं. आत तो बल्ब होता.

जेसनला सांगू नका, म्हणाल्या. मुलाला कळलं तर तो घराला कुलूप लावून त्यांना आपल्याकडे नेईल.

चंद्रहासचा चहा निवला. तो खाली मान घालून समजावू लागला. सावली त्या बल्बची नव्हतीच. त्याने पेटाऱ्याआड जमिनीवर मोठा लाइट लपवला होता, त्यावर लाल कागद. माणसाला उजेड वरून बघायची सवय असते, खालून आला की ओळखीचं सगळं परकं होतं. लाइट पुढे सरकवला की सावली वाढते. आपलं टेबल, मोबाइलची बॅटरी आणि स्टीलचा पेला घेऊन त्याने करूनही दाखवलं. पेल्याची सावली आमच्या भिंतीवर चढली तशी मावशींनी खुर्चीची कड घट्ट धरली.

"बंद कर ते," मी म्हटलं.

मावशींनी खुर्चीची कड सोडली. मग म्हणाल्या, "कळतं रे मला. डोक्याला कळतं. पाठीला कळत नाही."

"मावशी, मी आत्ता येऊन लावून देतो बल्ब. शूटिंगही दुसरीकडे हलवायला सांगतो."

"नको. बल्ब मीच लावेन, माझा आहे तो." त्यांनी बल्ब पुन्हा रुमालात गुंडाळला. "संध्याकाळी लवकर ये. माझी जपमाळ होईपर्यंत तू फक्त माझ्या पाठीमागे उभा राहा."