समासातली राखाडी रेघ

कॉलेजच्या फाटकासमोर रस्ता ओलांडला की चष्म्याचे दुकान आणि पांढऱ्या कोटांचे दुकान यांच्यामध्ये एक चिंचोळी खोली लागते. इतकी अरुंद, की आतल्या माणसाला उठायचे झाले तर गिऱ्हाइकाला आधी बाहेर पडावे लागते. एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर, झेरॉक्सचे मशीन आणि दोन खुर्च्या. एक त्याची, दुसरी ज्याचे काम असेल त्याची. वीस-एक वर्षे तो इथे बसून टायपिंग करतो. विद्यार्थी त्याला काका म्हणतात, त्यांचे वडीलही काका म्हणतात. एकदा एका विद्यार्थ्याचे आजोबाही म्हणाले. त्याला मोठ्याने हसताना शेजाऱ्यांनी पाहिले ते तेवढेच.

या कॉलेजात डॉक्टर व्हायला येणाऱ्यांना गुणपत्रिकेसोबत आणखी एक कागद द्यावा लागतो. त्याला मनोगत म्हणतात. तुम्हाला डॉक्टर का व्हायचे आहे, ते एका पानात सांगायचे. हाताने लिहा नाहीतर टाइप करा. मग तीन डॉक्टर समोर बसवून त्याच पानावर प्रश्न विचारतात. गुणांमध्ये मुले एकमेकांना इतकी खेटून असतात, की शेवटी सगळे त्या पानावर येऊन ठरते.

मुले त्याच्यासमोरच्या खुर्चीत बसत आणि तिथेच अडत. तो विचारायचा, "का व्हायचंय?" खोली लहान असल्यामुळे असेल, मुले खरे बोलून जात. एक म्हणाला, बाबांना जमलं नाही म्हणून. एक म्हणाली, मावसबहीण लागली, आता मी नाही लागले तर नातेवाइकांत तोंड कसं दाखवू. एकाला दारावरची पाटी हवी होती, नावाच्या आधी ते एक अक्षर असलेली. एक जण पंख्याकडे बघत म्हणाला, "काका, खरं सांगू? मला रक्त बघवत नाही. पण हे घरात सांगायचं कुणी?" आणि एक मुलगी होती, तिचे उत्तर त्याच्या मनात रुतून बसले. "मला नाही म्हणता येत नाही," ती म्हणाली होती. "लहानपणापासूनच."

यातले काहीच खोटे नव्हते. पण टाइप करून काढले की ते कागदावर थंडीत उघड्या उभ्या राहिलेल्या माणसासारखे दिसे. मुले वाचत, ओशाळत, आणि म्हणत, "काका, तुम्हीच काहीतरी घाला ना."

त्याला दोन मुली होत्या. थोरली आणि धाकटी. धाकटी सात वर्षांची असताना गेली. आधी नुसता घसा धरला, मग सांधे सुजले, मग दोन जिने चढून आली की ती भिंतीला टेकून उभी राहायची आणि म्हणायची, मी दमले नाहीये, मी थांबलेय. हृदयाची झडप खराब झाली होती. समोरच्याच आवारातल्या हॉस्पिटलात ती नऊ दिवस होती. दहाव्या दिवशी सकाळी तिची वेणी घालायला आई वाकली आणि तशीच वाकून राहिली.

त्यानंतर घरात धाकटीविषयी कुणी बोलले नाही. तसे ठरले नव्हते. तिचा पेला इतर पेल्यांच्या मागे गेला, चपला माळ्यावर गेल्या. तो रोज दुकान उघडायचा, पण फाटकाच्या आत पुन्हा पाऊल टाकले नाही. कॉलेजच्या कचेरीत काही द्यायचे असले तर कुणातरी विद्यार्थ्याच्या हाती धाडायचा.

दोन वर्षांनी, अर्जाच्या शेवटच्या दिवशी दुपारी एक मुलगी समोरच्या खुर्चीत बसून रडत होती. पान कोरे होते. कचेरीची अर्ज घेण्याची खिडकी चारला बंद होणार होती. त्याने तिला काही विचारले नाही. कीबोर्डवर हात ठेवले आणि बोटांनी आपोआप लिहिले:

"माझी बहीण सात वर्षांची होती. तिच्या हृदयाची झडप खराब झाली होती. डॉक्टर तपासायला आल्या तेव्हा त्यांनी स्टेथोस्कोप आधी आपल्या तळहातात धरला, तो कोमट होईपर्यंत, आणि मग तिच्या छातीवर ठेवला. बहीण वाचली नाही. पण तिला थंड लागू नये म्हणून त्या थांबल्या, एवढे मला आठवते."

मुलीने वाचले. डोळे पुसले. "काका, हे कुणाचं आहे?"

"आता तुझं," तो म्हणाला.

ती लागली. पेढ्यांऐवजी शाईचे पेन घेऊन सांगायला आली. त्या दिवशी दोन वर्षांत पहिल्यांदा त्याला दुपारी डुलकी लागली. कुणापाशी बोलता न आलेली गोष्ट कुणाच्यातरी पाकिटातून फाटकाच्या आत गेली होती आणि तिथे तीन माणसांनी ती वाचली होती. आत गेलेली धाकटी या वेळी तरी आतच राहिली होती, कुणाच्यातरी कोटाच्या खिशात, असे काहीसे त्याला वाटले. हे त्याने कुणाला सांगितले नाही. सांगण्यासारखे नव्हतेच.

पुढच्या वर्षी तिघांना हवे होते, त्याच्या पुढच्या वर्षी पाच जणांना. तो सगळ्यांना देत नसे. ज्यांच्याकडे काहीच नसे, त्यांनाच. थोडा बदल करायचा. बहिणीची आजी व्हायची, मामा व्हायचा, शेजारची मुलगी व्हायची. कधी डॉक्टर स्टेथोस्कोप तळहातात धरत, कधी त्यावर फुंकर घालत, कधी कोटाच्या बाहीवर घासत. एका वर्षी घाईत नाते बदलले आणि वय बदलायचे राहिले. कुणाचीतरी आजी सात वर्षांची होऊन आत गेली. तो मुलगाही लागला. चष्मेवाला हे ऐकून म्हणाला, "काका, वाचणाऱ्यांना माझ्याकडे पाठवा. एक जोड फुकट देईन."

तो त्यावर हसला. हसताना त्याला कळले, की आता तो परिच्छेद टाइप करता करता गप्पाही मारता येतात.

थोरली मोठी होत होती. शांत, नीटनेटकी, पुस्तकाला कव्हर घालताना कोपरे दोनदा दुमडणारी. बारावीनंतर ती म्हणाली, "मी मेडिकलचा अर्ज भरतेय." आई फक्त "बरं" म्हणाली आणि पोळी उलटायला वळली. त्याने मुलीकडे पाहिले. का, हा प्रश्न तो दिवसातून दहा जणांना विचारायचा. तिला विचारता आला नाही.

"मनोगत मी करून देऊ?" एवढेच म्हणाला.

"नको बाबा. माझ्याकडे कारण आहे."

त्याला अभिमान वाटला. तिने ते हाताने लिहिले, दाराकडे पाठ करून, आणि पाकीट चिकटवून टाकले. अर्ज द्यायला ती एकटीच गेली.

मुलाखत झाल्यावर ती काही बोलली नाही. यादी लागली त्या दुपारी मात्र दुकानात आली. हंगामात ती कधी यायची नाही. समोरची खुर्ची रिकामी होती, तिथे बसली. त्याने पाण्याची बाटली पुढे केली.

"नाव नाही," ती म्हणाली.

"पुन्हा बघ. कधीकधी दुसऱ्या पानावर..."

"तीनदा पाहिलं, बाबा."

बाहेर कोटांच्या दुकानात नवी मुले मापे देत होती. कुणीतरी बाही लांब झाली म्हणून तक्रार करत होते.

"मुलाखतीत काय झालं?" त्याने विचारले.

"मधल्या डॉक्टरांनी माझं पान वाचलं. मग चष्मा काढला आणि म्हणाले, यंदाचं हे चौथं. कुठून घेतलंस?" तिने बाटलीचे झाकण काढले, पुन्हा लावले. "मी म्हटलं, घेतलं नाही, माझी बहीण होती. तर ते म्हणाले, सगळ्यांचीच असते. चिडून नाही म्हणाले. दमून म्हणाले."

त्याला कळले. कळता कळता तो प्रिंटरच्या तारेकडे बघत राहिला.

"त्यांनी बाकीचे तीन कागद माझ्यासमोर ठेवले," ती म्हणाली. "एकात बहीण, एकात मामा, एकात शेजारची कुणी. तिन्हींच्या डाव्या समासात ती राखाडी रेघ होती. आपल्या प्रिंटरची. तुम्ही वर्षभर म्हणताय ना, ड्रम बदलायला हवा."

"मग तू सांगायचंस," तो म्हणाला. आवाज त्याच्या मनात होता त्यापेक्षा मोठा निघाला. "वॉर्ड कोणता, खाट कोणती. त्यांच्याकडे नोंदी असतात. ही माझीच आहे असं सांगायचं."

"आणि मग त्यांनी विचारलं असतं, तुझी आहे तर या तिघांकडे कशी गेली?"

त्याने पुढ्यातले कागद उगाच सरळ केले.

"ती तिघं बाहेर बाकावर होती, बाबा. त्यातल्या एकीने मला जागा करून दिली होती."

"पुढच्या वर्षी देता येईल," तो म्हणाला.

"येईल."

"तेव्हा काय लिहिशील?"

"बघू." ती किंचित हसली, आणि ते हसणे त्याला पाहवेना. "वडील म्हणतात म्हणून, असं लिहीन. ते अजून कुणी लिहिलं नसेल."

त्याने खुर्ची ओढली आणि नवे पान उघडले. प्रवेश समितीला पत्र लिहायचे, सगळे खरे सांगायचे. यंदा काही होणार नाही, पण पुढच्या वर्षी हिचे पान वेगळे ठेवतील. त्याने हात कीबोर्डवर ठेवले. बोटांनी लिहिले, "माझी बहीण सात वर्षांची होती." त्याने ते पुसले. "माझी मुलगी सात वर्षांची होती. तिच्या हृदयाची झडप खराब झाली होती. डॉक्टर तपासायला आल्या तेव्हा..." तेच. शब्दाला शब्द, स्वल्पविरामाला स्वल्पविराम. वाचणाऱ्याला हे पाचवे वाटले असते. पुन्हा पुसले. डोळे मिटून ती खोली आठवायचा प्रयत्न केला. खिडकी आठवली, पांढरी चादर आठवली. डॉक्टरांचा हात आला तो कधी तळहात होऊन, कधी फुंकर होऊन, कधी बाही होऊन. खरे कोणते ते त्याला सांगता येईना.

"थोरले," तो म्हणाला, "त्या डॉक्टरबाईंनी नेमकं काय केलं होतं गं? तळहातात धरला होता, की फुंकर घातली होती?"

ती त्याच्याकडे बघत राहिली. त्या बघण्यात आधी राग होता. मग राहिला नाही.

"तुम्ही तिथे नव्हताच, बाबा."

"म्हणजे?"

"तुम्ही खाली औषधं आणायला गेला होतात. आई डबा आणायला घरी. खोलीत मी आणि ती, दोघीच होतो. तुम्ही परत आलात तेव्हा मी जिन्यातच गाठलं तुम्हाला आणि सगळं सांगितलं. तुम्ही नुसतं हं म्हणालात आणि वर गेलात." ती थांबली. "मला वाटलं होतं तुम्ही ऐकलंच नाहीत."

झेरॉक्सच्या मशीनचा दिवा आपोआप बंद झाला. नऊ वर्षांची एक मुलगी जिन्यात त्याच्या शर्टाला धरून काहीतरी सांगते आहे, एवढे आता कुठे त्याला दिसू लागले. तिच्या मागचा कठडा दिसला, हातातली औषधांची पिशवी दिसली. खोली मात्र दिसली नाही, कारण ती त्याने पाहिलीच नव्हती. जे सात वर्षे आपले म्हणून वाटले, ते तिचे होते. तिच्याकडे तेवढे एकच होते.

मग त्याने टाइप केले, एका बोटाने, शिकाऊ माणसासारखे:

"मी तेव्हा तिथे नव्हतो. हे माझ्या थोरल्या मुलीने पाहिले आणि मला सांगितले. मी तिला न विचारता ते दर वर्षी दुसऱ्यांना दिले. ज्यांना दिले त्यांचा दोष नाही, ती मुले लहान होती आणि मी नाही. तिच्या पानात जे आहे ते तिचे आहे."

खाली धाकटीचा वॉर्ड, खाट आणि तारीख घातली. प्रिंट काढले. डाव्या समासात वरून खालपर्यंत रेघ उमटली. तो प्रिंटरचा ड्रम पुसायला फडके शोधू लागला.

"राहू दे," थोरली म्हणाली. "रेघेवरून तरी ओळखतील, की इथलंच आहे."

ती उठून बाहेर झाली, तेव्हा त्याला उठता आले. त्याने रस्ता ओलांडला. फाटकातून आत जाताना पाय जरा अडखळले, इतकेच. कचेरीची खिडकी उघडी होती. कारकून त्याला चेहऱ्याने ओळखत नव्हता, पण कागद हातात पडताच म्हणाला, "अरे, तुम्हीच का ते काका. मुदत संपली की आता. कुणाचं मनोगत आहे?"

"माझं," तो म्हणाला.

कारकुनाने न वाचता शिक्का मारला आणि कागद गठ्ठ्यावर ठेवला, इतर कागदांच्या रेघेला रेघ लागेल असा.