नुसत्या मातीत मेलेल्या दोन हुमण्या

रावसाहेब तात्यांनी माझ्या टेबलावर प्लास्टिकचे दोन डबे ठेवले आणि एकाचं झाकण उघडलं. आत आमची हिरवी पावडर कालवलेली माती होती आणि मातीत दहा हुमण्या. दहाच्या दहा जिवंत. पांढऱ्या, जाडजूड, चंद्रकोरीसारख्या वळलेल्या.

"पंचवीस दिस झाले, मॅडम. तुमच्या औषधात राहून ह्या लठ झाल्यात."

"आणि दुसऱ्या डब्यात काय आहे?"

"त्यात औषधच न्हाई. नुसती माती. दोन्हीकडं दहा-दहा सोडल्या, खायाला उसाच्या मुळ्या टाकल्या. औषधातली एक बी मेली न्हाई, आन् ह्या मातीतल्या दोन मेल्या."

शेजारी उभे असलेले आमचे मॅनेजर पाठक सर हसले. मला हसू आलं नाही. औषधाच्या डब्याशेजारी बाकी सगळं तसंच असलेला बिनऔषधाचा डबा ठेवणं, याला आम्ही कंट्रोल म्हणतो. कोणत्याही चाचणीची ती पहिली अट. घोडेगावजवळच्या एका ऊसवाल्याने ती घरच्या घरी पाळली होती.

मी मायक्रोबायोलॉजिस्ट आहे. नगरजवळच्या एका छोट्या लॅबमध्ये क्वालिटी कंट्रोल बघते. आम्ही मेटारायझियम नावाची बुरशी वाढवून तिची पावडर विकतो. हुमणी ही एका भुंगेऱ्याची अळी. जमिनीत राहून उसाची मुळं खाते. मुळं गेली की ऊस पिवळा पडतो आणि हाताने ओढला तरी बेट उपटून येतं. या बुरशीचा बीजाणू, म्हणजे तिचं बी, हुमणीच्या अंगाला चिकटतो, कातडी फोडून आत शिरतो आणि आतून तिला खातो. दोन-तीन आठवड्यांत हुमणी मरते. मग बुरशी बाहेर येते, आधी पांढरी, नंतर हिरवी. असं पुस्तकात आहे, आणि आमच्या पाकिटावरही आहे.

तात्या चहा घेऊन गेले. डबे मी ठेवून घेतले.

"पाकीट उन्हात राहिलं असेल," पाठक सर म्हणाले. "बुरशी मेली असेल. तसं पत्र देऊन टाका."

"आधी बघते, सर."

तात्यांनी सोबत आणलेल्या पाकिटातली उरलेली पावडर प्लेटवर, म्हणजे बुरशी वाढवायच्या बशीवर, लावली. चौथ्या दिवशी प्लेट हिरवीगार. काउंट, म्हणजे जिवंत बीजाणूंची मोजणी, उत्तम. बीजाणू रुजतात का, तेही मायक्रोस्कोपखाली पाहिलं. रुजत होते.

"मग रिपोर्ट ओके आहे ना?" सरांनी विचारलं.

"ओके आहे. बुरशी जिवंत आहे."

"मग प्रश्न मिटला."

"मिटला कसा? जिवंत आहे, तर मारत का नाही?"

सरांनी माझ्याकडे बघितलं आणि फोन घेतला. खरं सांगायचं तर मलाही उत्तर माहीत नव्हतं. आमची चाचणी काउंटपाशी संपत होती. पाकिटातली बुरशी हुमणीवर सोडून बघायची, हे मी कामाला लागले तेव्हा होत असे. मग ऑर्डरी वाढल्या, हुमण्या पाळायला वेळ मिळेना, आणि ते कधी बंद पडलं, कोणाच्या लक्षातही आलं नाही. त्यात मीही होते.

मग मी दुसरा डबा उघडला. मेलेल्या दोन हुमण्या मातीतच होत्या. सडलेली हुमणी काळी पडते, मऊ होते, वास मारते. या खडूसारख्या कडक होत्या. एकीच्या पाठीवर पांढरी बुरशी, दुसरीच्या पाठीवर हिरवा थर. मी चिमट्याने दाबली तर कट्टकन तुटली.

सरांना बोलावलं. त्यांनी वाकून पाहिलं.

"आपलीच बुरशी आहे. त्यांच्या हाताला पावडर लागली असणार, ती ह्या डब्यात गेली."

"असेल. पण सर, हाताला लागलेल्या पावडरीने इथे दोन मारल्या, आणि तिथे मूठभर पावडरीत एकही मेली नाही?"

 सर सरळ उभे राहिले आणि म्हणाले, "जीप घेऊन जा उद्या."

दुसऱ्या दिवशी घोडेगावचा जनावरांचा बाजार होता. म्हशींच्या टेम्पोंमागे अर्धा तास अडकून मी तात्यांच्या शेतावर पोचले. तात्यांनी उसाचं एक बेट धरून ओढलं. ते सहज हातात आलं. खाली चार हुमण्या.

"तात्या, त्या नुसत्या मातीच्या डब्यात माती कुठली भरली होती?"

"ते हिला इचारा. डबं हिनंच भरलं."

त्यांच्या पत्नी कमलताई गोठ्यातून हात पुसत आल्या. "औषधाच्या डब्याला उसातली माती घेतली. दुसऱ्याला म्हणलं चांगली माती घ्यावी, तर बांधावरची घेतली. जांभळीखालची."

"पावडरीचं पाकीट फोडायच्या आधी की नंतर?"

"आधी. ह्यांनी पाकीट दुपारनं फोडलं."

म्हणजे माती भरताना हाताला पावडर नव्हती, आणि दोन्ही डब्यांत माती वेगवेगळी होती. कंट्रोल चुकला होता, आणि त्या चुकीमुळेच काहीतरी सापडत होतं. आम्ही जांभळीखाली गेलो. जुना शेणखताचा ढीग, सावली, ओल. तिथे कधी कोणी फवारणी केलेली नव्हती. मी खुरप्याने उकरायला लागले. कमलताई माझ्याकडे बघत होत्या.

"ती कडक झालेली हुमणी हुडकताय व्हय? हिरवी?"

मी थांबले. "तुम्ही बघितलीय?"

"लई. खत उकरताना निघती. कोंबड्यांपुढं टाकते, तर जित्त्या खात्यात आन् ती कडक तशीच ठेवत्यात. मला वाटायचं, थंडीनं आखडली." मग त्यांनी जरा मागे सरकून विचारलं, "मानसाला न्हाई ना लागत हे?"

"नाही. आपल्या अंगातल्या उष्णतेत ही वाढत नाही."

अर्ध्या तासात आम्हाला सात हिरव्या हुमण्या सापडल्या. त्यातल्या तीन कमलताईंनी काढल्या. त्यांची नजर माझ्यापेक्षा तयार होती.

लॅबमध्ये त्यातली बुरशी वेगळी काढली. मायक्रोस्कोपखाली ती मेटारायझियमच दिसली, आमच्यासारखीच. मग तीन ट्रे केले. माती एकच, तापवून निर्जंतुक केलेली. एकात आमची बुरशी, एकात बांधावरची, एकात काही नाही. प्रत्येकात दहा हुमण्या सोडल्या आणि त्यांना गाजराचे तुकडे घातले. रोज सकाळी आल्या आल्या पर्स ठेवायच्या आधी मी ट्रे बघायचे. दहाव्या दिवशी बांधावरच्या ट्रेमध्ये पहिली मेली. तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी तिथे दोनच उरल्या होत्या. आमच्या ट्रेमध्ये आणि नुसत्या मातीच्या ट्रेमध्ये फरक नव्हता.

पाठक सरांनी तिन्ही ट्रे एकेक करून बघितले. मग त्यांनी नेमका प्रश्न विचारला.

"आपलं मदर कल्चर कधीपासूनचं आहे?"

"माझ्या आधीपासूनचं, सर."

मदर कल्चर म्हणजे आमचं विरजण. आदल्या नळीतली बुरशी पुढच्या नळीत, तिच्यातली तिच्याही पुढच्या. नळीत बटाटा आणि साखरेचं आयतं जेवण. कातडी फोडायला नको, किड्याशी झुंजायला नको. अशा पिढ्यांमागून पिढ्या गेल्या की बुरशी वाढते जोरात, पण मारायचं विसरते. ही गोष्ट मी कॉलेजात शिकले होते, परीक्षेत लिहिलीही होती. त्यावर उपाय साधा आहे. मधूनमधून बुरशी जिवंत किड्यावर सोडायची आणि मेलेल्या किड्यातून परत काढायची. तेच आम्ही करत नव्हतो.

"आपली चूक आहे," सर म्हणाले. त्यांना ते म्हणायला जड गेलं. विक्री त्याच दिवशी थांबवली. शिल्लक माल परत मागवला. ज्यांनी पाकिटं नेली होती, त्यांना फोन करायचं काम सरांनी स्वतः घेतलं. केबिनच्या काचेतून मला त्यांचं फक्त "हो, बरोबर आहे तुमचं" एवढंच ऐकू यायचं.

मी तात्यांना फोन केला. त्यांनी ऐकून घेतलं.

"म्हंजी आमच्याच बांधावर हुतं, आन् आमी नगरहून आणीत हुतो."

"हो."

"आन् ह्या सालचा ऊस?"

"गेलेली बेटं परत येणार नाहीत, तात्या."

 मग तात्या म्हणाले, "खरं सांगितलं, बरं केलं."

त्यांचा निम्मा फड गेला. पुढच्या हंगामात बांधावरच्या बुरशीची पावडर पहिल्यांदा त्यांच्याच शेणखतात कालवून दिली. हुमणी संपली नाही, ती संपत नसते. पण बेटं जागेवर उभी राहिली. कमलताई अजूनही मधूनच फोन करतात आणि मक्यावर, वांग्यावर दिसलेल्या मेलेल्या अळ्यांचं वर्णन करतात. दर चार वर्णनांमागे एखादं कामाचं निघतं.

आता दर तीन महिन्यांनी आमच्याकडे हुमण्यांवर चाचणी होते. कटकटीचं काम आहे. गाजरं संपतात, हुमण्या एकमेकींना चावतात, ट्रेला वास येतो. काउंट त्यापेक्षा कितीतरी सोपा. पण आमच्या पाकिटातलं औषध चालतं का, ते हुमणीलाच विचारावं लागतं.